सांधलेला भाव

रविवारी कापसाचा बाजार बंद. १९०० साली न्यूयॉर्कमध्येही हाच रिवाज होता. सोमवार ते शनिवार असे सहा दिवस भाव निघत आणि सातव्या दिवशी सगळे शांत. अमेरिकेच्या कृषी खात्याकडे १९०० ते १९०५ या काळातल्या न्यूयॉर्कच्या कापसाच्या रोजच्या बंद भावांची नोंद होती. तक्त्यात रविवारचे घर अर्थातच रिकामे राहायचे. कुणीतरी त्या मोकळ्या जागेचा उपयोग केला आणि तिथे आठवड्याच्या भावांची सरासरी लिहिली. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते. पण साठेक वर्षांनी हे आकडे बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाच्या हाती पडले आणि त्याने ती सरासरी रविवारचा बंद भाव म्हणून वाचली. कापसाचे भाव किती बेफाम उड्या मारतात, हे दाखवणारा त्याचा १९६३चा निबंध आज अर्थशास्त्राच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो, आणि त्याच्या पुराव्यातला एक भाग या चुकीच्या वाचनावर उभा होता. १९७२ साली मँडेलब्रॉटने स्वतःच ही चूक जाहीर करून दुरुस्ती छापली. मूळ सिद्धांत दुरुस्तीनंतरही टिकला, हे त्याचे भाग्य. पण याच आकड्यांवर कुणी खरेदी-विक्रीचा नियम पारखला असता, तर काय झाले असते ते पाहण्यासारखे आहे.

समजा, सोमवारी कापूस पौंडाला १० सेंट आहे आणि रोज एक दशांश सेंटने चढत शनिवारी १०.५ सेंटवर पोचला. आठवड्याची सरासरी १०.२५. पुढच्या सोमवारी भाव १०.६. खऱ्या बाजारात ही सरळ चढती रेघ आहे. कागदावर मात्र शनिवारनंतर भाव पाव सेंटने पडतो आणि दुसऱ्या दिवशी ०.३५ सेंटने उसळतो. ‘रविवारी पडला की घ्या, सोमवारी विका’ असा नियम कुणी या कागदावर लावला, तर प्रत्येक चढत्या आठवड्यात त्याला हमखास नफा दिसेल. ज्या दिवशी बाजारच नव्हता त्या दिवशी केलेल्या खरेदीचा तो नफा! नियम तपासणारा माणूस प्रामाणिक, गणित अचूक, आकडेही अस्सल. फक्त एका घरातला आकडा कशाचा आहे एवढेच ठाऊक नव्हते.

वायदेबाजारातल्या व्यापारपद्धती जुन्या भावांवर पारखून पाहण्याचा जो उद्योग गेली शंभर वर्षे चालू आहे, त्याचा इतिहास बहुधा पद्धतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो: कुणी कोणता नियम काढला, कुणी किती कमावले. माझ्या मते हा इतिहास उलट्या बाजूने वाचायला हवा. वायद्याच्या भावांची लांबलचक मालिका निसर्गात कुठे पडलेली नसते. ती कुणीतरी बसून बनवलेली असते, आणि बनवताना त्याने घेतलेले लहानसहान निर्णयच पुढे नियम पास झाला की नापास, हे बऱ्याच अंशी ठरवतात. या धंद्यात जे मोठे गैरसमज झाले आणि जे मोठे शोध लागले, ते दोन्ही भावांच्या फाइलीतच जन्मले.

याचे मूळ कारण असे की वायदा हा नाशवंत आहे. एखाद्या कंपनीचा शेअर पन्नास वर्षे तोच राहतो. मार्चचा वायदा मार्चमध्ये मरतो. शिकागोत १८४८ साली धान्य व्यापाऱ्यांचे बोर्ड ऑफ ट्रेड उभे राहिले आणि १८६५मध्ये तिथल्या करारांना एकसारखे नियम लागले: ठरलेली प्रत, ठरलेले माप, ठरलेला महिना. प्रमाणीकरण झाले म्हणून आजचा भाव कालच्या भावाशी ताडून पाहता येऊ लागला. पण त्याच प्रमाणीकरणाने प्रत्येक कराराच्या कपाळी मृत्यूची तारीखही लिहिली. तेव्हा गव्हाचा शंभर वर्षांचा भाव असे काही नाहीच. आहेत ती काही महिन्यांची आयुष्ये, एकापुढे एक उभी. त्यांना सलग धाग्यात ओवायचे तर प्रत्येक ठिकाणी सांधा घालावा लागतो, आणि सांधा कुठे आणि कसा घालायचा हे बाजार सांगत नाही.

मुंबईच्या कापसाचे उदाहरण घेतले तर हे अधिक कळते. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन १९२१मध्ये स्थापन झाली आणि १९२२च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने कापसाच्या वायद्यांचे नियमन तिच्याकडे आले. तिथे भडोच, उमरा आणि बंगाल अशा नावांनी वेगवेगळे वायदे चालत. यातला ‘उमरा’ म्हणजे आपली उमरावती, अमरावती; वऱ्हाड-खानदेशाकडचा कापूस या नावाने जगभर जाई. भाव बोलला जाई तो खंडीला, आणि कापसाची ही मुंबई खंडी ७८४ पौंडांची. पुढे चाळीसच्या दशकात जरीला या वाणाला आधार मानून एकच भारतीय वायदा ठरवण्यात आला. साठच्या दशकात कापसाचे वायदे सरकारने बंद केले आणि ते तीन दशके बंदच राहिले. आता कुणी ‘मुंबईच्या कापसाचा १९२२पासूनचा वायदेभाव’ अशी मालिका मागितली, तर द्यायची कशी? उमऱ्याचा भाव जरीलाच्या भावाला कुठे जोडायचा? दोघांच्या धाग्याची लांबी वेगळी, गिऱ्हाईक वेगळे. आणि मधल्या तीस वर्षांच्या खड्ड्यात काय भरायचे? शेवटच्या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे. आधी, कुणालाही खड्डा दिसत नव्हता अशा मालिकांनी काय घोटाळे केले ते बघू.

स्टॅनफर्डच्या अन्न संशोधन संस्थेत होलब्रुक वर्किंग हा अर्थशास्त्रज्ञ आयुष्यभर गव्हाच्या भावांत रमला. १९३४ सालीच त्याने म्हटले होते की भावांतले रोजचे फरक यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांसारखे दिसतात, आणि अशा आकड्यांची बेरीज करत गेले तरी त्यातून कल, लाटा आणि आवर्तने उगवल्याचा भास होतो. पण त्याची सगळ्यांत मोलाची कामगिरी १९६०ची, काही पानांचीच. त्याने दाखवले की पूर्णपणे यादृच्छिक चालणाऱ्या भावाची आठवड्याची किंवा महिन्याची सरासरी काढली आणि लागोपाठच्या सरासरींतले फरक तपासले, तर त्या फरकांत सुमारे पाव एवढे सहसंबंधन आपोआप येते. कारण साधे आहे. भाव आठवड्याच्या मध्यावर चढला, तर त्या आठवड्याच्या सरासरीत चढाचा अर्धाच हिस्सा उतरतो. उरलेला अर्धा पुढच्या आठवड्याच्या सरासरीत दिसतो. एकच उडी दोन पावलांत विभागली जाते आणि बघणाऱ्याला वाटते, चढामागून चढ येतो आहे. बाजारात कल नसतो, तो सरासरी काढणाऱ्या हाताने घातलेला असतो.

या काही पानांनी मागचे किती लिखाण हलवले ते पाहिले की आकड्यांच्या तयारीचे महत्त्व पटते. अल्फ्रेड काउल्स आणि हर्बर्ट जोन्स यांनी १९३७मध्ये शेअरच्या भावांत चाल टिकून राहण्याची प्रवृत्ती आढळल्याचे मांडले होते. वर्किंगचा मुद्दा लागू केल्यावर काउल्सला १९६०मध्ये आपल्या आधीच्या निष्कर्षांची फेरतपासणी छापावी लागली. मॉरिस केंडल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५३मध्ये बावीस मालिका तपासल्या. त्यांत शिकागोच्या गव्हाची १८८३ ते १९३४ची साप्ताहिक मालिका होती, १९१५ ते १९२०ची युद्धकाळाभोवतीची वर्षे वगळून. आणि न्यूयॉर्कच्या कापसाची १८१६ ते १९५१ची मासिक मालिका होती. जवळपास सगळीकडे त्याला कालच्या फरकावरून उद्याचा फरक सांगता येण्याजोगे काहीच सापडले नाही. एकटा कापूस वेगळा वागला. त्यात स्पष्ट सहसंबंधन दिसले. कापसात काही खास आहे का? पुढे उलगडले ते इतकेच, की कापसाची ती मालिका सरासरींतून तयार झाली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या कापसाचे जे रहस्य वाटले होते, ते भाव टिपण्याच्या पद्धतीचे रहस्य निघाले.

इथे थोडे थांबून सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या याच कापसाचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत, आणि शहरात हजारो माणसे त्या आकड्यांवर पैसे लावत. पुढे मटका म्हणून जो जुगार माजला, त्याचा उगम या ‘आकड्या’त आहे. ज्या भावांवर केंडल आणि मँडेलब्रॉट यांनी यदृच्छेचा अभ्यास केला, त्याच बाजाराच्या भावांच्या अंकांना मुंबईतल्या सामान्य माणसाने शुद्ध यदृच्छा मानून त्यावर डाव लावला. त्याला अंक हवा होता. तो अंक सरासरीचा की शेवटच्या सौद्याचा, याने त्याला फरक पडत नव्हता. पद्धत पारखणाऱ्याला मात्र हाच फरक जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

सांध्याचा प्रश्न सरासरीपेक्षाही अवघड, कारण त्याला एकच बरोबर उत्तर नाही. मार्चचा वायदा खंडीला ६०,००० रुपयांवर संपत आला आहे आणि त्याच दिवशी मेचा वायदा ६१,२०० आहे असे धरू. तेजीवाला मार्च विकतो, मे घेतो आणि सौदा पुढे नेतो. या घडीला त्याच्या खिशात एक पैसाही आला नाही. पण फाइलीत मार्चच्या खाली मे नुसता चिकटवला, तर एका रात्रीत १,२०० रुपयांचा चढ दिसतो आणि संगणक तो नफ्यात जमा करतो. म्हणून पुढे सांधा मिटवण्याच्या रीती निघाल्या. एक रीत अशी की त्या दिवशीच्या दोन वायद्यांतला फरक मागच्या सगळ्या भावांत मिळवायचा किंवा वजा करायचा. यात रुपयांचा नफा-तोटा खरा राहतो, पण भावाची पातळी खोटी होते. उलट, पुढचा वायदा मागच्यापेक्षा दर वेळी १,२००ने स्वस्त असेल आणि वर्षातून सहा सांधे घातले, तर दहा वर्षांत ७२,००० रुपये मागच्या भावांतून वजा होतात. म्हणजे तेव्हा खंडीला ६०,००० असलेला कापूस फाइलीत उणे १२,००० रुपयांना दिसतो. ‘भाव दहा टक्क्यांनी चढला की घ्या’ असा नियम अशा फाइलीवर लावला तर त्याला अर्थच उरत नाही. दुसरी रीत गुणोत्तराची: मागचे भाव प्रमाणात वाढवायचे किंवा घटवायचे. यात टक्के खरे राहतात, पण रुपये खोटे होतात, आणि वायद्यात तारण व तोटा हे दोन्ही रुपयांतच भरावे लागतात.

तिसरी वाट लंडनच्या धातुबाजाराकडे पाहून सुचते. तिथे एकोणिसाव्या शतकापासून ‘तीन महिन्यांचा भाव’ चालतो. चिलीचे तांबे किंवा मलायाचे कथील जहाजाने पोचायला तेवढा काळ लागे, म्हणून ती मुदत पडली. आजचा तीन महिन्यांचा भाव आजपासून तीन महिन्यांचा, उद्याचा उद्यापासून तीन महिन्यांचा. त्यामुळे तो कधी मरत नाही. याच कल्पनेने दोन जवळच्या वायद्यांचे वजन लावून नेहमी तेवढ्याच अंतरावरचा कृत्रिम भाव काढता येतो. आलेखावर तो देखणा दिसतो. पण धान्याच्या किंवा कापसाच्या बाजारात त्या भावाला कुणीही, कधीही काहीही विकत घेऊ शकत नाही. अभ्यासासाठी तो उत्तम आहे. पद्धतीची परीक्षा त्यावर घेणे मला चुकीचे वाटते. ज्या किमतीला सौदा होऊच शकत नव्हता, त्या किमतीचा नफा हा नफा नव्हे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसेही घेतात: आकडे लाखांनी असले की अशा लहान चुका एकमेकींना खोडून काढतात, मग एवढी चिकित्सा कशाला? चुका खरोखर यदृच्छेने विखुरलेल्या असत्या, तर हे पटले असते. पण सांध्यातली चूक एका दिशेने झुकलेली असते. पुढचा महिना मागच्यापेक्षा महाग असणे किंवा स्वस्त असणे हे गोदामभाडे, व्याज, विमा आणि टंचाई यांवर अवलंबून असते, आणि अनेक बाजारांत ते दीर्घकाळ एकाच बाजूला राहते. अशा चुका खोडल्या जात नाहीत, साठत जातात. आकडे जितके अधिक, तितका खोटा कल अधिक ठाम दिसतो.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. वायदे मरतात, तर मग हजर बाजाराचा भाव का घेऊ नये? तो तर सलग असतो. पण हजर भाव म्हणजे काय, हे अकोल्याच्या किंवा जळगावच्या बाजारात उभे राहिल्यावर कळते: त्या दिवशी आलेला कापूस कोणत्या प्रतीचा, ओलावा किती, पैसे रोख की उधार, यावर भाव बदलतो. एका दिवसाचा एकच हजर भाव म्हणून छापला जातो तो कुणाच्या तरी निर्णयाने ठरलेला प्रातिनिधिक भाव. शिवाय हजर कापूस घेऊन ठेवणाऱ्याला गोदामभाडे, विमा आणि व्याज भरावे लागते. ते न धरता केलेल्या परीक्षेत हा सगळा खर्च फुकट नफा म्हणून जमा होतो. म्हणजे सांधा टाळण्यासाठी हजर भावाकडे जाणाऱ्याने सांध्याचे सारे गणित फाइलीबाहेर ढकललेले असते, सोडवलेले नसते.

आता खरेदी-विक्रीच्या नियमांकडे येऊ. रिचर्ड डॉनचियन याने १९४९मध्ये वायद्यांत पैसा लावणारा, लोकांना खुला असलेला पहिला निधी सुरू केला आणि ‘चार आठवड्यांतला उच्चांक मोडला की घ्या, नीचांक मोडला की विका’ हा नियम लोकप्रिय केला. १९७०मध्ये डन अँड हारगिट या संस्थेने संगणकावर वेगवेगळे नियम चालवून पाहिले, तेव्हा हाच नियम वरचढ ठरला. त्या काळात संगणकावर पारखून पाहणे हीच नवलाई होती. पण अशा नियमांच्या परीक्षेत एक गृहीतक लपून बसते, आणि ते आधीच एकदा उघडे पडले होते. सिडनी अलेक्झांडर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१मध्ये शेअरच्या निर्देशांकांवर ‘पाच टक्के चढला की घ्या’ या धर्तीचा गाळणीचा नियम चालवून भरघोस नफा दाखवला होता. त्याने धरले होते की भाव पाच टक्क्यांची रेषा ओलांडतो त्याच क्षणी, त्याच भावाला खरेदी होते. मँडेलब्रॉटने बोट ठेवले की भाव रेषेवर थांबत नाही, तो तिच्यावरून उडी मारतो. काल चार टक्के, आज सात. अलेक्झांडरने १९६४मध्ये फेरहिशेब केला आणि नफ्याचा मोठा भाग विरघळला. नियम तोच, बाजार तोच. बदलले ते इतकेच की कोणत्या आकड्याला सौदा झाला मानायचे.

वायद्यांत ही उडी आणखी जीवघेणी होते, कारण तिथे दिवसाच्या चढ-उताराला मर्यादा असते. १९८०च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला जाणाऱ्या धान्यावर निर्बंध घातले. नियामक आयोगाने धान्याच्या वायद्यांचे व्यवहार दोन दिवस थांबवले आणि बाजार उघडल्यावर भाव थेट खालच्या मर्यादेला जाऊन भिडले. फाइलीत त्या दिवसाचा भाव नीट छापलेला आहे. त्या भावाला विकणारे होते, पण घेणारा कुणी नव्हता. ज्या फाइलीत केवळ भाव आहे आणि उलाढाल नाही, तिथे पद्धत त्या दिवशी आरामात बाहेर पडते. खऱ्या माणसाला बाहेर पडता आले नसते. म्हणून माझ्या मते उलाढालीचा रकाना नसलेली वायद्याची मालिका परीक्षेला अपुरीच.

एक आक्षेप मुळावरच घाव घालतो: मागच्या भावांवर पारखलेली कोणतीही पद्धत पुढे चालेल याची खात्री नाही, मग मागचे भाव एवढे घासूनपुसून घेण्यात काय हशील? खात्री नाही, हे खरेच. पण परीक्षेचा खरा उपयोग पद्धत निवडण्यापेक्षा पद्धत नाकारण्यात आहे. जो नियम मागच्या वीस वर्षांतही तोट्यात गेला असता, त्यावर कष्टाचा पैसा लावण्यापासून माणूस वाचतो. खोटी मालिका नेमके हेच काम बिघडवते; नाकारायला हवा तो नियम पास होतो. रविवारच्या सरासरीने ज्याला नफा दिसला असता, त्याचे सोमवारी काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

आता मुंबईच्या खड्ड्याकडे. वायद्यांच्या वर्तनाविषयी जगाला जे काही ठाऊक आहे, ते मुख्यतः शिकागो आणि न्यूयॉर्कच्या आकड्यांवर रचलेले आहे. ते बाजार टिकले, आणि सरकारी खात्यांनी त्यांचे आकडे जपले. मुंबईचा कापूस बाजार आशियातला बलाढ्य बाजार होता. त्याचे भाव वर्तमानपत्रांत छापले जात, असोसिएशनच्या वार्षिकांत येत. पण बाजारच बंद पडल्यावर ते भाव मालिकेत ओवायची गरज कुणाला उरली नाही. त्यामुळे ‘वायदे दीर्घकाळात असे वागतात’ हे विधान प्रत्यक्षात ‘ज्या बाजारांना सरकारने जगू दिले ते असे वागले’ एवढेच असते. बंदी हा वायद्याच्या जोखमीचाच भाग आहे, आणि टिकलेल्या बाजारांच्या फाइलीत ती जोखीम दिसतच नाही. ही जुनी गोष्ट आहे असे कुणी समजू नये. २००३मध्ये वायदेबाजार नव्याने उघडले. २००७च्या सुरुवातीला तूर, उडीद, गहू आणि तांदळाचे वायदे थांबवले गेले. ऑगस्ट २०२१मध्ये हरभऱ्याचे नवे वायदे थांबले आणि त्याच डिसेंबरात सोयाबीनचे. लातूर-वाशीमकडच्या सोयाबीन उत्पादकाला किंवा व्यापाऱ्याला एखादा नियम पारखून पाहायचा तर त्याची मालिका त्या तारखेला तुटते. तिथे शिकागोचे सोयाबीन रुपयांत बदलून भरणारे आहेत. मला ते मान्य नाही. रिकामे घर रिकामेच ठेवावे. त्यात भर घातली की रविवारची सरासरी पुन्हा जन्म घेते.

मापे बदलतात तेव्हा घर रिकामे राहत नाही, पण सांधा पडतोच. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर कापसाचा वायदा आधी १७० किलोच्या गासडीवर बोलला जाई. २०२३च्या सुरुवातीला तो पुन्हा खंडीवर आला, ३५६ किलोच्या. म्हणजे जुन्या ७८४ पौंडांच्याच खंडीवर. व्यापाऱ्याला यात नवे काही नव्हते, तो मनात खंडीच मोजत आला होता. पण फाइलीत भाव एका दमात दुपटीहून थोडा वर जातो, आणि त्याला २.०९ने भागायचे हे माहीत नसेल, तर संगणकाच्या दृष्टीने ती शतकातली सर्वांत मोठी तेजी ठरते.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र २० एप्रिल २०२० या एका दिवसाने घेतली. आकडे स्वच्छ करणाऱ्या अनेक साधनांत तोवर एक साधा नियम असे: शून्य किंवा त्याखालचा भाव म्हणजे चूक, तो काढून टाका. सांध्यामुळे फाइलीत कागदी उणे भाव येत, म्हणून ही खबरदारी शहाणपणाची वाटे. त्या दिवशी न्यूयॉर्कला अमेरिकी कच्च्या तेलाचा मेचा वायदा पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर ठरला. टाक्या भरत आल्या होत्या, आणि तेल घेऊन जा म्हणून विकणाराच पैसे देत होता. हा ठरलेला भावही शेवटच्या सौद्याचा नसतो. दुपारी दोन वाजून अठ्ठावीस ते तीस मिनिटे या दोन मिनिटांतल्या सौद्यांची ती भारित सरासरी असते. वर्किंगने ज्या सरासरीबद्दल सावध केले होते ती अशी बंद भावाच्या आतच बसलेली आहे, आणि ते माहीत असायला हवे.

मुंबईचा कच्च्या तेलाचा वायदा त्याच दिवशी संपत होता आणि त्याचा अंतिम भाव न्यूयॉर्कच्या भावाला रुपयाच्या संदर्भदराने गुणून निघणार होता. पण टाळेबंदीमुळे मुंबईचे व्यवहार त्या दिवसांत संध्याकाळी पाच वाजता बंद होत. पाच वाजता इथला शेवटचा भाव होता पिंपाला ९६५ रुपये. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि घसरण पुढेच व्हायची होती. ती झाली तेव्हा इथे मध्यरात्र होती आणि कुणालाही सौदा कापता येत नव्हता. एक्स्चेंजने आधी तात्पुरता भाव १ रुपया धरला, मग अंतिम भाव जाहीर केला: उणे २,८८४ रुपये. म्हणजे एकाच दिवसाच्या एकाच घरात लिहायला तीन आकडे हजर आहेत, आणि तिन्ही आपापल्या अर्थाने खरे आहेत. माझ्या मते ९६५ हा सौद्याच्या रकान्यात जावा, शेजारी पाच वाजल्याची वेळ लिहून. उणे २,८८४ हा हिशेब चुकता करण्याच्या रकान्यात जावा. आणि १ रुपया टिपणीत. पाचला पाच मिनिटे कमी असताना कुठल्या पद्धतीने ९६५च्या आसपास एक लॉट घेतला असता, तर शंभर पिंपांवर सुमारे ३,८४,९०० रुपये द्यावे लागले असते. ज्या फाइलीत फक्त ९६५ आहे, किंवा ज्या फाइलीतून उणे आकडा ‘चूक’ म्हणून गाळला गेला आहे, तिथे त्या संध्याकाळी काहीच घडलेले दिसत नाही.